महाराजांचा अर्धा चेहरा

महाराज मोबाईलच्या पडद्यात मावत नव्हते!

वेळापूर संस्थानाचं संकेतस्थळ दरबारातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर झकास दिसायचं. डावीकडे राजवंशाची स्तुती, मधोमध महाराजांची तसबीर, तिच्याशेजारी हुकूमनामे आणि अगदी उजवीकडे कालव्याच्या पाण्याची पाळी मागण्याचा अर्ज. तेच पान प्रजेने मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडलं की संपूर्ण स्तुती दिसे, महाराजांचा अर्धा चेहरा दिसे आणि तिथेच पडदा संपे. अर्ज कुठल्या कुठे बाहेर!

हे संकेतस्थळ मी केलं होतं. मी दरबारातला कारकून. एकदा बिघडलेला तारखेचा शिक्का मी ठोकून दुरुस्त केला, तेव्हापासून मला यंत्रातलं सगळं कळतं असा दरबाराचा समज झाला. मीही तो दूर केला नाही.

तक्रारी आल्या तेव्हा मी तत्परतेने पावलं उचलली. आधी अक्षरं बारीक केली. लोक म्हणाले, मुंग्या दिसतात. मग परिपत्रक काढलं : ‘प्रजेने मोबाईल आडवा धरावा.’ त्यानेही भागेना, तेव्हा दुसरं काढलं : ‘प्रजेने रुंद मोबाईल बाळगावेत.’ या दुसऱ्या परिपत्रकाच्या भाषेचा मला आजही अभिमान आहे.

शनिवारी सूर्यास्ताला अर्जांची मुदत संपणार होती. त्या सकाळी वाघोशीची सगुणा तरातरा दरबारात शिरली.

“महाराज, माझं कांद्याचं रोप माना टाकतंय. आज अर्ज गेला नाही तर पाळी गेली, आणि पाळी गेली की रोप गेलं. अर्जाचं बटण काही बोटाला लागत नाही!”

“कागदावर अर्ज दे,” मी समजुतीने म्हणालो.

“कागदी अर्ज बंद केल्याचं परिपत्रक तुमच्याच सहीचं आहे, रावसाहेब.”

होतं खरं.

महाराज हट्टी. ते सगुणाला म्हणाले, “पान दुरुस्त होईल. पण एक अक्षर गाळायचं नाही, एक अक्षर बारीक करायचं नाही आणि कोणाला बोट आडवं सरकवायला लावायचं नाही! सूर्यास्तापर्यंत जमलं तर पहिली पाळी तुझी. नाही जमलं तर यंदा पाळीच नाही. आहे कबूल?”

“महाराज, हे अशक्य आहे,” मी म्हणालो. माझ्या नोकरीतलं हे एकमेव ठाम मत.

“कबूल!” सगुणा म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “रावसाहेब, तुमच्या घरी लग्नाचं जेवण असलं आणि ओसरी अरुंद असली तर काय करता? पाहुण्यांना चेपून बसवता?”

“छे!”

“निम्म्यांना हाकलून देता?”

“भलतंच काय!”

“मग?”

“एक पंगत उठली की दुसरी बसवतो.”

“आणि मोठा मांडव असला तर?”

“सगळे एकदम शेजारी शेजारी.”

“अहो, मग पानाला तेवढंच सांगा की! पडदा रुंद दिसला तर चारही रकाने शेजारी शेजारी. अरुंद दिसला तर एकाखाली एक. बोट खाली सरकवायला महाराजांनी कुठे मना केलंय?”

मी थक्क झालो. असा हुकूम पानाला देता येतो हे मला ठाऊक होतं. तो द्यावा हे मात्र सुचलं नव्हतं. तीन ओळी लिहिल्या आणि काम झालं! फक्त कोणी कुणाच्या आधी बसायचं ते सगुणाने सांगितलं, आणि तिची यादी मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ऊन कलायच्या आत तिने आपला मोबाईल महाराजांपुढे धरला. सगळ्यांत वर पाण्याचा अर्ज, मोठं ठसठशीत बटण! त्याखाली हुकूमनामे. त्याखाली स्तुती. महाराज बोट खाली सरकवत गेले, सरकवत गेले...

“आम्ही कुठे आहोत?”

“तळाशी, महाराज.”

मी एका खांबाआड सरकलो.

“राजा तळाशी?” महाराज गरजले. “हे कुणाचं काम?”

खांबाआडून मी सगुणाकडे बोट दाखवलं. एवढं धैर्य माझ्यात होतं.

सगुणा शांतपणे म्हणाली, “महाराज, राजकन्येच्या लग्नात आपण कितव्या पंगतीला बसलात?”

“शेवटच्या.”

“का बरं? भूक नव्हती?”

“सडकून लागली होती! पण पाहुणे ताटकळत असताना यजमानाने पानावर बसावं? लोक काय म्हणतील?”

“मग महाराज, या संस्थानाचे यजमान कोण?”

महाराजांनी पडद्याच्या तळाशी असलेला आपला चेहरा पुन्हा एकदा पाहिला. मग ते असे खो खो हसले की सिंहासनाची झालर हलू लागली!

“दाब ते बटण, पोरी! पहिलं पाणी तुझं. आणि उद्यापासून संकेतस्थळही तूच सांभाळ, दरमहा पगारावर!” मग त्यांची नजर खांबाकडे गेली. “या कारकुनाचं काय करायचं?”

“राहू द्या महाराज,” सगुणा बटण दाबत म्हणाली. “एवढ्या पंगती उठायच्या तर वाढपी लागेलच की!”

महाराज पुन्हा हसले. दरबार हसला. मीही हसलो, आणि उष्टी काढायचं तिने सुचवलं नाही म्हणून मनातल्या मनात तिचे आभार मानले.