येसबाचा सोमवार

त्या वर्षी वैशाखात श्रीनिवांतनाथ महाराज पांढरओहोळ गावी महादेवाच्या देवळात मुक्कामाला होते. ओढा आटला होता. देवळाच्या विहिरीत तेवढं पाणी उरलं होतं. गावात येसबा लोणारी चुन्याची भट्टी लावी. त्याची मुलगी चंद्रा मोठ्या तापातून वाचली, तेव्हापासून तिच्यासाठी बोललेला नवस तो पाळत होता. दर सोमवारी निर्जळी. भट्टीच्या धगीतही त्याने तो मोडला नव्हता.

आता मात्र बरगडीखालून कळ निघून जांघेत उतरे. लघवी लालसर होई. नवसात काही चुकलं असेल, असं समजून येसबाने गुरुवारही निर्जळी धरला. कळ वाढली. उपास वाढवला तर दुखणं का वाढावं, हे त्याला उमगेना. देवळातले दामोदरशास्त्री वीस वर्षं निर्जळी सोमवार करीत आणि ते सर्वांना ऐकवीत. ते हसून म्हणाले, "येसबा, चोरून पाणी पितोस की काय?"

सोमवारी सकाळी येसबा बरगडी दाबत महाराजांपुढे आला. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हंड्यातलं पाणी आटलं की तळाशी काय राहतं?"

"पांढरा थर, महाराज. खरवडावा लागतो."

"तुझ्या पोटात तेच झालंय. मुतखडा आहे. भरपूर पाणी पी. लहान असेल तर वाहून जाईल. पण थंडीताप भरला किंवा लघवी अडली, तर माझ्याकडे यायचं नाही. गाडी जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात जायचं. तिथे डॉक्टर खडा काढतात."

येसबा गोंधळला. पाणी प्यावं तर चंद्राचं काय? न प्यावं तर महाराजांचा शब्द मोडतो. "पोरीवर उलटंल, महाराज," तो कसाबसा म्हणाला.

"मग तुझा सोमवार मला दे," महाराज म्हणाले.

व्रत असं काढून देता येतं? येसबाला कळेना. पण महाराजांनी ओंजळ पुढे केली होती, म्हणून त्याने आपले रिकामे हात तिच्यात ठेवले. शास्त्र्यांनी विहिरीतून एक तांब्या भरून त्याच्यापुढे आदळला. यंदाच्या टंचाईत एवढंच मिळेल, ते महाराजांना म्हणाले. यातच काय तो चमत्कार करा.

महाराज तापल्या फरशीवर उन्हात बसले. ओठांना थेंब लावला नाही. येसबा पीत राहिला. दर वेळी त्याला वाटे, हा शेवटचा घोट. आणि तांब्यात पाणी उरलेलंच असे. महाराजांनी सांगितल्याप्रमाणे तो लघवी फडक्यातून गाळत होता. दिवस कलताना एक जीवघेणी कळ आली आणि एकाएकी थांबली. फडक्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा काटेरी खडा होता. तेवढ्यात चंद्रा त्याची उपास सोडायची भाकरी घेऊन धावत आली, अगदी ठणठणीत.

शास्त्र्यांनी तांब्या उचलला. त्यांनीच भरलेला, एकदाच. अजून काठोकाठ होता. तेव्हा येसबाला दिसलं की त्यांचा दुसरा हात बरगडीखाली दाबलेला आहे. अगदी त्याच्यासारखाच.

सुकल्या ओठांनी महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, किती दिवस लपवाल? तुमचाही सोमवार द्या."

शास्त्र्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. हे सगळं कसं झालं, ते येसबाला अजूनही कळलं नव्हतं. त्याने नुसता तांब्या पुढे धरला. आणि शास्त्री लोणाऱ्याच्या हातचं पाणी प्यायले.