कबरीवरचा चेहरा

ऑडबर्ट नावाच्या एका क्रूर ड्यूकने आपल्या कबरीसाठी स्वतःचा पुतळा करवून घ्यायचं ठरवलं. पहिल्या मूर्तिकाराने त्याचा हुबेहूब उग्र चेहरा कोरला, म्हणून त्याला फासावर चढवलं. मग काम त्या मूर्तिकाराच्या भावाकडे, एमेरिककडे आलं. त्याने जिवाच्या भीतीने चेहरा दयाळू कोरला.

ड्यूक पुतळ्याभोवती फिरला. "हा मी? खोटारड्यांची मी जीभ छाटतो, ठाऊक आहे ना?"

एमेरिकने हातातली छिन्नी खाली ठेवली.

"महाराज, हा चेहरा आजचा नाही. पुतळा कबरीवर बसेल त्या दिवसाचा आहे. माझं काम संपलं. उरलेलं तुमच्या हातात आहे."

ड्यूक कितीतरी वेळ त्या दगडी डोळ्यांकडे पाहत राहिला.

"जा," तो शेवटी पुटपुटला.