पंतोजींची मिशी

एका गावात एक पंतोजी होते, आणि पंतोजींच्या आधी त्यांची मिशी होती. गल्लीच्या वळणावर पहिल्यांदा मिशी दिसे, मग पंतोजी. वरचा ओठ तिने केव्हाच गिळला होता, खालचाही अर्धामुर्धाच उरला होता. रोज सकाळी तिला तूप लागे, पीळ बसे. दसऱ्याला पालखीपुढे चालायचा मान पंतोजींना तिच्यामुळेच होता. शाळेचा विषय निघाला की ते मिशीवर ताव देऊन म्हणत, "माझ्या हाताखालून एक जरी पोर अडाणी गेलं, तर ही उतरवून ठेवीन!"

त्या शाळेत एकदा कासाराची मुलगी आली. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. आई म्हणाली, "गुरुजी, हिला ऐकू येत नाही, पण समोरून बोललं की सगळं कळतं. पोर हुशार आहे."

पंतोजी मनाने चांगले होते. त्यांनी तिला अगदी पुढे बसवलं. "बिचारीला कोणी चिडवायचं नाही," असं पोरांना बजावलं. पोरांनी तिला बोरं दिली, चिंचा दिल्या. पंतोजी तिच्यासमोर उभे राहून घसा फोडून पाढे सांगू लागले. शेजारच्या गोठ्यातली म्हैस बुजली, पण मुलगी नुसती टकामका बघत राहिली. शेवटी वैद्यबुवांचं तेल आणून तिच्या कानात घातलं. तेल ओघळून बाहेर आलं, पाढा काही आत गेला नाही.

मग पंतोजींनी आईला बोलावून घेतलं. "माझ्याकडून काही कमी पडलं नाही, बाई. हिला उद्यापासून दुकानातच बसवा."

"आणि गुरुजी, तुमची ती पैज?" आईने विचारलं.

"अशी पोरं पैजेत धरायची नसतात," पंतोजी म्हणाले.

आईने पाटी उचलली. मुलीला बोलणं कळलं नाही, पण पाटी कुठे चालली ते कळलं आणि तिला रडू कोसळलं. शेजारी बसणारी मैत्रीण तिच्याकडे वळून हळूच म्हणाली, "रडू नको गं. मी काल शिकवलेला पाढा म्हणून दाखव की!" मुलीने हुंदके देत देत साताचा पाढा घडाघडा म्हटला.

पंतोजी चक्रावले. "तुझी कुजबुज हिला कळते, आणि माझा वेशीपर्यंत जाणारा आवाज कळत नाही? असं का, ते विचार तिलाच."

मैत्रिणीने विचारलं. मुलीने डोळे पुसून पंतोजींकडे पाहिलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमचं तोंड कुठे आहे?"

वर्गात हशा पिकला. पंतोजींचा हात सवयीने मिशीकडे गेला आणि तिथेच थांबला. आपण वैद्याला विचारलं, पोरांना बजावलं, आईला बोलावलं. जिचं अडलं होतं तिला मात्र काही विचारलंच नाही. त्यांना मनापासून लाज वाटली. पण दसरा तोंडावर आला होता, आणि मिशी काही एका दिवसात वाढलेली नव्हती.

"पाटी ठेवा खाली," अखेर ते आईला म्हणाले, आणि तडक न्हाव्याकडे गेले. वस्तरा फिरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. न्हाव्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी पोरं तोंड दाबून हसली. मुलगी हसली नाही. ती पंतोजींच्या ओठांकडे बघत होती आणि तिची पाटी भरत होती. मागच्या ओळीतला एक थोराड मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आज मलाही कळलं. एरवी शब्द मिशीतच अडकायचे."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळे माना डोलवत होते, म्हणून मीही डोलवली."

दसऱ्याला पालखीपुढे दुसराच मिशीवाला चालला. ढोलांच्या दणदणाटात पाटील पंतोजींच्या कानाशी येऊन ओरडले, "काय पंतोजी, पैज हरलात वाटतं?"

"हरणार होतो, पाटील! म्हणून तर आधीच उतरवली!"

पाटलांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पण पलीकडे, गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या कासाराच्या मुलीला सगळं कळलं, आणि ती खुदकन हसली.

तात्पर्य: ज्याचं अडतं त्यालाच विचारावं; आणि दुसऱ्याचे कान तपासण्याआधी आपलं तोंड एकदा आरशात पाहावं.