धुतलेलं बियाणं

“मग जाऊ ना मी आता, बाबा?”

मुकुंदानं तिसऱ्यांदा विचारलं. हरनाथबाबा ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मका उगवला?”

“...नाही.”

“मग निघालास कुठं?”

हा मुकुंदा म्हणजे हरनाथबाबांच्या मठातला सगळ्यात हुशार चेला. अकरा वर्षं झाली होती त्याला येऊन. पोथ्या तोंडपाठ, पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, आणि सोवळं तर विचारूच नका. घागरीला दुसऱ्याचं बोट लागलं, की गेलं सगळं पाणी अंगणात! डोंगरापलीकडच्या शेंदवडच्या लोकांनी त्याच्यासाठी खोपटं बांधून ठेवलं होतं. आमच्या पोरांना चार अक्षरं शिकवा, म्हणून दोनदा निरोप येऊन गेला होता. मुकुंदाचा सगळा जीव तिकडं लागलेला. आणि बाबांनी अट काय घालावी? तर मठामागच्या तुकड्यात स्वीट कॉर्न उगवून दाखव, मग खुशाल जा.

मुकुंदाला तेव्हा हसू आलं होतं. मका उगवायला असं काय लागतं!

पण पौषात पेरला तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पेरला. चार-दोन कोंब वर आले, बुडाशी काळे पडले आणि आडवे झाले. उकरून बघितलं, तर दाण्यांचा नुसता लगदा, वर बुरशी आणि कुबट वास. मठातले गडी तोंड फिरवून हसले. मुकुंदा दोन दिवस धड जेवला नाही.

“बियाणंच नासकं असणार,” तो म्हणाला. म्हणाला आणि जीभ चावली, कारण बियाणं बाबांनीच दिलं होतं.

बाबा चिडले नाहीत. शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाले, “एक पाकीट राहिलंय ना? आण. कसं पेरतोस ते बघू तरी.”

मुकुंदानं पाकीट आणलं. पाण्याचा तांब्या आणला, देवघरातलं ताम्हण आणलं. दाणे ताम्हणात ओतले आणि तांब्या उचलला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“हे काय करतोस?”

“धुतोय. हा गुलाबी रंग दिसतो ना, बाबा, विष आहे ते! दुकानातूनच चोळून येतं. मठाचं शेत, पहिलं कणीस देवाला जायचं. मी सात पाण्यांनी धुतो, वर तीर्थ शिंपडतो आणि मगच पेरतो. दोन्ही वेळा तसंच केलं, काही कसूर केली नाही.”

बोलताना त्याची छाती फुगली होती.

बाबा उठून आत गेले आणि कणगीतला गावरान मक्याचा एक दाणा घेऊन आले. तो ओट्यावर ठेवला. काडीनं ताम्हणातला एक दाणा शेजारी सरकवला. गावरान दाणा टपोरा, तुकतुकीत. हा दुसरा चपटा, सुरकुतलेला.

“असा का रे हा?”

“त्याच्यात पीठ कमी. साखर जास्त.”

“म्हणजे घरून शिदोरी थोडी घेऊन निघालाय. वर गोड, म्हणून मातीतली बुरशी आधी त्याच्यावरच तुटून पडते. ते गुलाबी म्हणजे त्याचं अंगडं रे, मुकुंदा! ऐन थंडीत लेकराचं अंगडं काढलंस, सात वेळा गार पाण्यानं न्हाऊ घातलंस, आणि वर सांगतोस, कसूर केली नाही.”

मुकुंदाचा अभिमान काही एवढ्यात हार मानणारा नव्हता.

“पण ज्वारीला कुठं लागतात एवढे लाड?”

“नाही लागत. ज्वारी बांधावर सांडली तरी येते. तिला तुझी गरज नाही.” बाबांनी दाणा काडीनंच परत लोटला. “आणि ते ताम्हण आता देवापुढं नेऊ नकोस. देवाला कशाला विष पाजतोस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्याला शेतात घेऊन गेले. आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं होतं.

“हात घाल मातीत. बोटभर खोल.”

मुकुंदानं घातला. बाबांनी वर आपला पंजा ठेवला.

थोडा वेळ गेला...

“काढू, बाबा?”

“थांब की.”

“बोटं बधिर झाली...”

“तू त्याला पंधरा पंधरा दिवस निजवलंस इथं. आणि रोज वर पाणी.”

मुकुंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबांनी त्याचा हात बाहेर काढला, आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला, वर फुंकर घातली. आई करते तसंच.

“पेरू तरी कधी मग?”

“हात काढावासा वाटणार नाही, तेव्हा.”

शेंदवडहून तिसरा निरोप आला. या वेळी मुकुंदानंच सांगितलं, “थोडं थांबा, माती अजून गार आहे.” निरोप्या बुचकळ्यात पडला. गुरुजी हवाय, त्यात मातीचं काय?

मुकुंदा रोज सकाळी वाफ्यात हात घालून बसायचा. शिवरात्र आली, थंडी शिव शिव करत गेली. एका सकाळी हात मातीत राहिला, राहिला, आणि त्याला उठायचं भानच उरलं नाही. त्याच दिवशी त्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून न धुतलेलं बी पेरलं. वरंब्याच्या कुशीला, पाणी साचणार नाही असं, जेमतेम दोन बोटं खोल.

सातव्या दिवशी गडी ओरडत मठात आले. “बाबा, उगवला! पार हिरवी रांग धरलीय!”

शेंदवडची माणसं नेमकी त्याच सकाळी दारात येऊन बसली होती. बाबांना वाटलं, मुकुंदा आता धावत येईल. तो काही आला नाही. बाबाच शेतात गेले.

मुकुंदा रांगेत उकिडवा बसला होता. एका वाकड्या कोंबावरची मातीची खपली नखानं हळूच उचलत होता.

“झालं की रे तुझं काम.”

“हो... हा एक अडकलाय. आणि तिकडं एक मोकळी जागा राहिलीय. तिथला का आला नाही, कळत नाही.”

“शेंदवडची माणसं आलीत.”

मुकुंदा खालमानेनंच म्हणाला, “मला भीती वाटते, बाबा. पहिले दोन्ही वेळचे माझ्याच हातानं मेले. एवढेसे दाणे मला कळले नाहीत. माणसांची लेकरं कशी कळतील?”

बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले...

“भाकरी बांधून ठेवलीय, बाळा. ऊन चढायच्या आत नीघ.”