नाव नसलेली घाण

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली. माझ्या आजीच्या आजीनंही ही गोष्ट ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती. नदीच्या वाकणावर एक गाव होतं. गावाभोवती ऊसच ऊस, आणि गावात गुऱ्हाळ एकच.

त्या गुऱ्हाळाचा गुळव्या मोठा मानी. पाहुणा आला की त्याला रस उकळायच्या तापल्या काहिलीपाशी न्यायचा आणि म्हणायचा, "बघा, आहे का वर काही? आमच्या गावचा रसच शुद्ध. वर काही येतच नाही."

येणार कसं? काहिलीखालचं चुलवण पेटलं की गुळव्या लांब दांडा घ्यायचा आणि ढवळायला लागायचा. रस तापायचा, घट्ट व्हायचा, तरी दांडा थांबायचा नाही. त्याचा बाप असाच ढवळायचा, बापाचा बापही. दांडासुद्धा तोच.

गूळ मात्र काळा. पावसाळा लागला की ढेपा पाझरायच्या, आंबूस वास सुटायचा. बाजारात बाया नाकाला पदर लावून पुढं जायच्या. गुळव्या म्हणायचा, "आपली हवाच वाईट, दुसरं काय!"

त्याच्या घरी नवी सून आली. नदीच्या वरच्या अंगाला तिचं माहेर, तिथंही गुऱ्हाळं. तिनं हे सगळं बघितलं आणि एक दिवस म्हणाली, "मामंजी, एक काहील मला करू द्या."

सासू हसली. "घ्या! हिची भाकरी वातड होते, आणि ही गूळ करणार!"

"भाकरी वातड होते खरी, आत्याबाई. पण काहील मला द्या."

पाणी भरताना तेच, ताट वाढताना तेच. शेवटी गुळव्या चिडला. "कर! पण श्रावणात ढेप पाझरली तर माहेरची वाट धरायची. परत यायचं नाही."

सून म्हणाली, "धरीन."

सगळं गाव बघायला जमलं. सुनेनं रानभेंडीची खोडं ठेचली, त्यांचं चिकट पाणी रसात घातलं, जाळ केला आणि दांडा हातात धरून नुसती उभी राहिली. ढवळेचना.

रस तापला, तसं वर काहीतरी यायला लागलं. आधी कडेला, मग मधोमध. काळपट, हिरवट, फेसाळ. बघता बघता काहिलीवर गोधडी पसरावी तसं झालं.

"अगं बाई! काय कालवलंस रसात? कसा स्वच्छ होता!" बाया ओरडल्या.

"ढवळ, ढवळ! खाली जाईल ते!"

गुळव्या धावला. "दांडा दे इकडं!"

"नाही देणार," सून म्हणाली. "मामंजी, हे मी घातलेलं नाही. हे उसाबरोबरच येतं, मातीतलं, कांड्यावरचं. रोज तुमच्या काहिलीत असतं, भेंडीच्या पाण्यानं आज वर येऊन दिसलं एवढंच. वर आलंय, आता खाली जाऊ देणार नाही."

आणि तिनं तो वाडवडिलांचा दांडा चुलवणात सारला.

तडतड पेटला तो. सुनेनं झारा घेतला आणि वरची घाण काढून बाजूच्या खड्ड्यात टाकायला लागली. काढावी तर पुन्हा यावी. वाफेनं हात भाजले. मनात आलं, ही संपणारच नाही की काय? पण झारा तिनं खाली ठेवला नाही. हळूहळू खालून रस दिसला, पिवळाधमक.

गुळव्या खड्ड्याकडं बघत होता. गावात त्या घाणीला शब्दच नव्हता. जे कधी कुणी बघितलंच नाही, त्याला नाव कुठून असणार?

"ह्याला म्हणतात तरी काय?" त्यानं विचारलं.

"अंगाचा निघतो तो मळ, मामंजी. तशी रसाची निघते ती मळी. आमच्याकडं पोरंही म्हणतात."

"श्रावण येऊ दे," गुळव्या म्हणाला आणि निघून गेला.

श्रावण आला. झड लागली. गुळव्या स्वतः माळ्यावर चढला. त्याची ढेप पाझरून फळीला चिकटली होती. शेजारची सुनेची ढेप कोरडी, सोन्यासारखी. बोटानं वाजवली तर टण्ण वाजली. त्यानं एक खडा फोडून बायकोच्या तोंडात घातला.

सासू कितीतरी वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, "भाकरी मात्र अजून वातडच होते हो हिची. पण माहेरी कशाला धाडायचं? इथंच शिकेल."

पुढच्या हंगामात पाहुणे आले. गुळव्या त्यांना काहिलीपाशी घेऊन गेला आणि छाती काढून म्हणाला, "बघा, केवढी मळी निघते आमच्या रसातून!" मग त्यानं तो खड्डाही दाखवला. तिथं भोपळ्याचा वेल माजला होता, आणि एकेक भोपळा घागरीएवढा.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: वर आलेली घाण काढून टाकता येते, ढवळून दडवलेली आपल्यालाच खावी लागते.