येसूबाईंनी ऐकलेलं कीर्तन

“तिनं मला सांगितलं का नाही, महाराज?”

गिरणेकाठच्या मठाच्या ओट्यावर विश्रामबुवा बसले होते. मुलूखभर नाव असलेले कीर्तनकार ते. बायकोला, येसूबाईला, जाऊन चौदा दिवस झाले होते. छातीत गाठ होती. दोन वर्षं तिनं ती पदराआड लपवली.

त्यांचे गुरू, म्हातारे भावगिरी महाराज, आपले गुडघे तेलानं चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तू विचारलं नाहीस तिला?”

“विचारलं. शेवटी, दवाखान्यात.”

“मग?”



“म्हणाली, अहो, तुम्हीच तर सांगता, देह म्हणजे घाणीचं गाठोडं. मग त्या घाणीतलं दुखणं तुमच्यापुढं कुठल्या तोंडानं आणू?”

महाराजांचा हात थांबला.

“मी वैराग्यासाठी सांगत होतो, महाराज! शास्त्र सोडून एक शब्द बोललो नाही. लोक डोलायचे...”

“आणि ती?”

“ती मागं खांबाशी बसायची. अठरा वर्षांत एक कीर्तन चुकवलं नाही तिनं.”

बुवांना आता एकेक आठवू लागलं. येसूबाई घरातसुद्धा अंग चोरून चालायची. आरशापुढं उभी राहिली की कुणी बघत नाही ना, हे आधी बघायची. बुवांना ती मर्यादा वाटली होती. चारचौघांत त्यांनी तिचं कौतुकही केलं होतं.

“मला प्रायश्चित्त सांगा,” ते एकदम म्हणाले. “अन्न सोडतो. या देहाची माती करून टाकतो.”

महाराज भिंतीला धरून उठले. तांब्याभर पाणी घेऊन आले, बुवांसमोर खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. बुवा गावाहून अनवाणी आले होते. टाचांच्या भेगांत रक्त सुकलं होतं.

“महाराज, नको... घाण आहेत पाय माझे.”

“पुन्हा तेच.”

महाराजांनी पाय सोडला नाही. मूर्ती धुवावी तसा तो सावकाश धुतला, उपरण्यानं टिपला आणि एकेका भेगेत बोटानं तेल भरलं.

बुवांना हुंदका आवरेना.

“मी तिला एकदा जरी असं...”



डोळे पुसत बुवा म्हणाले, “आता कळून काय उपयोग, महाराज? ऐकणारी गेली.”

महाराजांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.

“एकच गेली, विश्राम. बाकीच्या बाया अजून तुझ्या कीर्तनाला समोर बसतात.”