टिंगूचा रुमाल

एक होतं घर. घरात होत्या वस्तू. वस्तूंवर होते रुमाल.

टीव्हीवर रुमाल. मिक्सरवर रुमाल. फ्रिजवर रुमाल, आणि फ्रिजच्या मुठीवर वेगळा रुमाल. सगळे आत्याने विणलेले. पांढरा दोरा, वाकडी सुई, गोल गोल जाळी. आत्याचा नियम एकच. ज्याच्यावर रुमाल, तो घरचा. ज्याच्यावर रुमाल नाही, तो पोत्यात.

पोतं कुणाचं? भंगारवाल्या भाऊंचं. भाऊ दर गुरुवारी यायचे. "भंगाऽऽर" म्हणायचे आणि पोतं उघडायचे. मोडकं, तुटकं, मुकं, सगळं आत.

त्या घरात होता टिंगू. टिंगू म्हणजे गाणी वाजवणारा छोटासा प्लेअर. अगदी बिस्किटाएवढा. पण पोटात हजार गाणी. अंघोळीचं गाणं, वरणभाताचं गाणं, गाढवाचं गाणं, आणि नुसतंच ढुमढुम गाणं. गाणी पोटात, आवाज शेपटीत. शेपटीला दोन बोंडं. बोंडं कानात घातली की गाणं ऐकू यायचं.

टिंगूवर रुमाल नव्हता. एवढ्याशाला कशाला रुमाल?

एका गुरुवारी बोकोबा आले. बोकोबा म्हणजे घरचा बोका. त्यांनी शेपटी पाहिली. हुंगली. चावली.

कर्र कर्र कट्.

शेपटी तुटली. आवाज गेला. गाणी आतच राहिली. टिंगूला उरला एवढासा 'टिंग'. गोष्टीत बोलायला तेवढा पुरतो. गायला पुरत नाही.

बोकोबांना कुणी रागावलं नाही. बोकोबांना कुणी रागावत नसतं.

आत्याने टिंगूला उलटं केलं. सुलटं केलं. "मुका झाला गं बाई," ती म्हणाली. "आज भाऊ आले की देऊन टाकू." आणि त्याला दाराशी ठेवलं.

टिंगूला फार भीती वाटली. पोत्यात अंधार असतो. पोत्यात कुणी गात नाही. त्याला गायचं होतं, आणि घरीच राहायचं होतं.

तो निघाला. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

बाहेरच्या खोलीत होत्या पेटीबाई. पेटीबाई मोठ्या. लाकडी. चार पाय, पोटात रेडिओ, डोक्यावर तबकडीचं ताट, दोन्ही बाजूंना दोन मोठे कर्णे. वर केवढा तरी रुमाल. रुमालावर फुलदाणी. फुलदाणीत प्लॅस्टिकची फुलं.

"पेटीबाई, पेटीबाई, मला तुमचा आवाज द्या. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

पेटीबाई म्हणाल्या, "देईन की. आवाज माझ्याकडे मणभर आहे. अकरा वर्षं वापरलाच नाही."

"का बरं?"

"मन नाही झालं. आमच्या वेळी तबकडी यायची. केवढी. तू केवढा. बरं, असू दे. माझ्या पाठीला दोन भोकं आहेत. एक लाल, एक पांढरं. वायर आली तर देईन."

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

वायर होती बाल्कनीत. ती एका जुन्या मशीनची वायर. मशीन कधीच पोत्यात गेलं. वायर मात्र आत्याने ठेवली. लागेल कधीतरी, म्हणाली. आणि लागलीच. मोजे वाळत घालायला.

"वायरताई, वायरताई, माझ्याबरोबर या. पेटीबाई गाईनात. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

वायर म्हणाली, "येईन की. पण मी कामात आहे. माझ्यावर मोजे आहेत. मोजे उतरले तर येईन."

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

मोजे होते दोन. एक निळा. दुसराही निळाच, पण वेगळा.

"मोजेदादा, मोजेदादा, खाली उतरा. वायर येईना. पेटीबाई गाईनात. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

मोजे म्हणाले, "उतरू की. आम्ही कालच वाळलो. पण चिमट्याने धरलंय. चिमटा सुटला तर उतरू."

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

चिमटा होता लाल. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं. बोलला तोही दातांतूनच.

"चिमटेराव, चिमटेराव, मोजे सोडा. मोजे उतरेनात. वायर येईना. पेटीबाई गाईनात. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

चिमटा म्हणाला, "शोडीन की. पण मी आपला आपण शुटत नाही. आत्या उठली तर शुटेन."

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

आत्या बसली होती खुर्चीत. हातात सुई. मांडीवर अर्धा रुमाल. हा रुमाल टीव्हीच्या रिमोटसाठी. रिमोटला आधीचे दोन होते. ते धुवायला टाकले की काय करायचं? म्हणून तिसरा.

"आत्या, आत्या, उठ ना. चिमटा सुटेना. मोजे उतरेनात. वायर येईना. पेटीबाई गाईनात. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

आत्या म्हणाली, "बोलतोस तर चांगला. पण गात नाहीस बाळा. न गाणाऱ्याला ठेवून काय करायचं?"

"पेटीबाई तरी कुठे गातात?"

"तिच्यावर रुमाल आहे," आत्या म्हणाली.

टिंगू पुन्हा म्हणाला, "आत्या, उठ ना."

"उठेन की रे. पण विणकाम अर्धं टाकून उठू कशी? सगळं उसवेल. आणि दोऱ्याचा गुंडा नेलाय बोकोबांनी. गुंडा मिळाला तर एवढी ओळ विणेन, आणि उठेन."

बोकोबांकडे जायचं? शेपटी चावणाऱ्या बोकोबांकडे?

पण पोत्यापेक्षा बोका बरा. सुळुक सुळुक. सुळुक... सुळुक.

बोकोबा पलंगाखाली होते. गुंडा पोटाशी. डोळे अर्धे मिटलेले.

"बोकोबा, बोकोबा, गुंडा द्या ना. आत्या उठेना. चिमटा सुटेना. मोजे उतरेनात. वायर येईना. पेटीबाई गाईनात. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

बोकोबांनी एक डोळा उघडला. "तूच ना तो, शेपटीवाला?"

"हो. शेपटी तुम्ही चावलीत."

"चावली. फार कडू होती. अजून तोंड कडू आहे. कुणी विचारलंसुद्धा नाही." बोकोबांना स्वतःची फार दया आली. "तोंड गोड करायला साय मिळाली तर गुंडा देईन. साय-साखर. रेवाच्या वाटीतली."

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

रेवा बसली होती स्वयंपाकघरात. रेवा म्हणजे आत्याची भाची. वय वर्षं दोन. पुढ्यात वाटी. वाटीत साय-साखर. सकाळपासून तीच वाटी, तीच साय. रेवा खाईना.

"रेवा, रेवा, थोडी साय दे. बोकोबा गुंडा देईनात. आत्या उठेना. चिमटा सुटेना. मोजे उतरेनात. वायर येईना. पेटीबाई गाईनात. भाऊ येतील, मला पोत्यात नेतील."

रेवाने ऐकून घेतलं. वाटीकडे पाहिलं. टिंगूकडे पाहिलं.

"गानं," रेवा म्हणाली.

"गाणं? गाणं असतं तर मी आलोच नसतो."

"गानं," रेवा म्हणाली. वर्षं दोन असली तरी बाई करारी.

आता आली का पंचाईत? गाणं हवं तर पेटीबाई हव्यात. पेटीबाई हव्यात तर वायर हवी. वायर हवी तर मोजे, मोजे हवेत तर चिमटा, चिमटा हवा तर आत्या, आत्या हवी तर बोकोबा, बोकोबा हवेत तर साय. आणि साय हवी तर गाणं हवं. जिथून निघाला, तिथेच टिंगू परत आला.

टिंगूला रडू आलं. हजार गाणी पोटात, आणि द्यायला एकही नाही. होता तो फक्त एवढासा टिंग.

मग त्याने तोच दिला.

"टिंग," टिंगू म्हणाला.

रेवाने मान वर केली.

"टिंग टिंग."

रेवाने टाळी वाजवली.

"टिंग टिंग टिंग, टिंगटिंग टिंग."

रेवा हसली. खुदूखुदू. तिला एवढंच गाणं हवं होतं. मोठ्यांनाच मोठं लागतं.

रेवाने साय दिली. पच्.

बोकोबांनी साय खाल्ली. लप लप लप. बोकोबांनी गुंडा सोडला. गड गड गड. आत्याने ओळ विणली. आत्या उठली. चिमटा सुटला. कट्. मोजे उतरले. फद् फद्. वायर आली. सळ सळ सळ. वायरीचं बारीक टोक टिंगूच्या पोटात. लाल बोंड लाल भोकात. पांढरं बोंड पांढऱ्या भोकात.

टिंगूने डोळे मिटले. वरणभाताचं गाणं काढलं. आणि...

काही नाही.

पेटीबाई गाईनात.

सगळ्यांनी टिंगूकडे पाहिलं.

"मी ठणठणीत आहे," पेटीबाई म्हणाल्या. "यालाच गाता येत नसेल."

"मी तर कामाची आहेच," वायर म्हणाली.

"आजकालच्या वस्तूंचं हे असंच," मोजे म्हणाले. त्यांना घेऊन तीनच महिने झाले होते.

आणि खालून हाक आली. "भंगाऽऽर."

भाऊ जिना चढू लागले. धप्. धप्. धप्.

रेवा रांगत रांगत पेटीबाईंच्या मागे गेली. तिने बोट दाखवलं.

"तोपी."

"कसली टोपी?" आत्या वाकली.

पेटीबाईंच्या मागे होता पेटीबाईंचा प्लग. जमिनीवर पडलेला. आणि प्लगच्या डोक्यावर होती टोपी. पांढरी, विणलेली, गोल गोल जाळीची. वर गोंडा.

ती टोपी कुणी विणली होती? आत्यानेच. कधी? अकरा वर्षांपूर्वी. प्लगवर धूळ बसू नये म्हणून. तेव्हापासून प्लग टोपी घालून बसला होता, आणि पेटीबाईंचं मन होत नव्हतं.

आत्याचे कान लाल झाले. रेवाने प्लगला हात लावला नाही. प्लगला मोठ्यांनीच हात लावायचा. आत्याने टोपी काढली. प्लग लावला. बटण दाबलं.

खट्.

पिवळा दिवा लागला. पेटीबाई जरा गरम झाल्या. हुंऽऽ म्हणाल्या. खाकरल्या. खर्र खर्र. आणि गायल्या.

केवढ्याने गायल्या. फुलदाणी थरथरली. फुलं नाचली. वरणभाताचं गाणं बाल्कनीतून बाहेर गेलं. गाणं टिंगूचं, आवाज पेटीबाईंचा. रेवाने उरलेली साय खाऊन टाकली. वाटीसुद्धा चाटली. बोकोबांना ते आवडलं नाही.

दारात भाऊ आले. पोतं उघडलं. पण हात तसाच राहिला. मग त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याशी बसले. पुढचं गाणं गाढवाचं होतं. भाऊंना गाढवाचं गाणं फार आवडलं.

"काय द्यायचं होतं आत्या?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो," आत्या म्हणाली. "सगळं वाजतंय."

भाऊ गेले. पोत्यात गेली फक्त तुटकी शेपटी.

मग सगळे बोलायला लागले.

"आवाज माझा," पेटीबाई म्हणाल्या. "मी जोडलं," वायर म्हणाली. "आम्ही उतरलो म्हणून," मोजे म्हणाले. "मी शुटलो म्हणून," चिमटा म्हणाला. बोकोबांनी मिशा पुसल्या. "मी शेपटी चावली नसती, तर यातलं काही झालं असतं का?" ते म्हणाले.

टिंगू? तो गात होता.

आत्या मात्र त्याच्याकडे बघत राहिली. "आणि मी याला पोत्यात घालत होते," ती म्हणाली, अगदी हळू. मग तिने रिमोटचा अर्धा रुमाल हातात घेतला. रिमोटवर धरला. टिंगूवर धरला. सुई चालवली. चटचटचट. गाठ मारली. दोरा तोडला.

इवलासा रुमाल. बिस्किटाएवढा. त्याला एक भोक, वायर जायला.

आत्याने तो टिंगूवर घातला. टिंगूला आता काहीही दिसत नाही. सगळीकडे पांढरी जाळी. पण टिंगूची तक्रार नाही. या घरात ज्याच्यावर रुमाल, तो घरचा.

तिकडे टिंगूवर रुमाल पडला, इकडे आपली गोष्ट निजली. तुझं पांघरूण कुठे आहे? घे बरं वर ओढून. हं. आता तूही घरचा.

टिंग.